१३ मिलिसेकंदांचं सोडियम: एका बीम टाइमचा अनुभव

सोडियम म्हटलं की मिठातलं सोडियम डोळ्यासमोर येतं, ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन, म्हणजे सोडियम-२३, आणि या मूलद्रव्याचा स्थिर असा हा एकच प्रकार. मी पीएचडीत ज्याच्या मागे लागले होते ते सोडियम-३२. प्रोटॉन तेच ११ पण न्यूट्रॉन २१, म्हणजे नऊ जास्तीचे, आणि त्याचं अर्धायुष्य साधारण १३ मिलिसेकंद. हे कुठल्या खनिजात सापडत नाही, कुपीत भरून आणता येत नाही, जिथे मोजायचं तिथेच तयार करायचं आणि संपायच्या आत मोजून मोकळं व्हायचं, आणि अशी अल्पायुषी केंद्रकं बनवून त्यांचाच झोत डिटेक्टरपर्यंत न्यायचा याला रेडिओॲक्टिव्ह आयन बीम म्हणतात. तुम्ही तिकडे जाऊन नक्की करता काय असं बरेच जण विचारतात, म्हणून प्रपोजलपासून शेवटच्या फिटपर्यंत जसं झालं तसं लिहून काढतेय. बीम तयार होणं ही गोष्ट जबरदस्त आहेच, पण मला त्याहून जास्त गुंतवून ठेवलं ते पुढच्या प्रश्नाने, की स्क्रीनवर पडलेला एक ठिपका हा सोडियम-३२च आहे आणि ही जी रेषा दिसतेय ती त्याच्याच क्षयातून आलीय हे कशावरून म्हणायचं.

आधी हेच केंद्रक का ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. केंद्रकात काही आकडे खास असतात, २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६, यांना मॅजिक नंबर म्हणतात, एवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन झाले की कवच भरतं आणि केंद्रक गोल आणि टणक होतं, त्याला उत्तेजित करायला बरीच ऊर्जा लागते. मारिया गोपर्ट-मेयर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं, १९६३ मध्ये नोबेल मिळालं, आणि पाठ्यपुस्तकात हे आकडे कायमचे कोरल्यासारखे छापलेले असतात. मग १९७५ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या त्वरकावर सोडियमच्या जड समस्थानिकांची वस्तुमानं मोजली गेली आणि सोडियम-३१ आणि ३२ अपेक्षेपेक्षा जास्त घट्ट बांधलेले निघाले. न्यूट्रॉन २० च्या आसपास, तरी कवच बंद झाल्याची खूण नाही. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, सोडियम-३२ च्या बीटा क्षयातून (यात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा, बाहेर पडतो) मॅग्नेशियम-३२ ची पहिली उत्तेजित पातळी कळली, ८८५ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक). हा आकडा किती धक्कादायक आहे ते शेजाऱ्यांकडे बघितल्यावरच कळतं, २० न्यूट्रॉनवाल्या कॅल्शियम-४० मध्ये याच जातीची पातळी ३.९ एमईव्हीवर आहे (एक एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही), सल्फर-३६ मध्ये ३.३, सिलिकॉन-३४ मध्येही ३.३, आणि सिलिकॉन-३४ मधून फक्त दोन प्रोटॉन काढले की थेट ०.८८५. दोन प्रोटॉन काढल्यावर न्यूट्रॉनचं कवच कोसळतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मला दुसरं काही करावंसंच वाटलं नाही.

कारण थोडक्यात असं, की प्रोटॉनची डी-५/२ कक्षा रिकामी होत गेली की न्यूट्रॉनच्या डी-३/२ कक्षेला प्रोटॉनकडून मिळणारं आकर्षण कमी होतं, ती कक्षा वर सरकते, २० वरची फट अरुंद होते, आणि मग न्यूट्रॉनच्या जोड्या फटीपलीकडे उडी मारतात कारण तसं केल्याने केंद्रक लांबट होऊन जास्त ऊर्जा वाचते. जी मांडणी वर असायला हवी ती खाली येते म्हणून या भागाला आयलंड ऑफ इन्व्हर्जन म्हणतात. १९९५ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत मॅग्नेशियम-३२ चा झोत शिशाच्या टार्गेटवर सोडून कुलोम एक्सायटेशनने, म्हणजे शिशाच्या विद्युतक्षेत्राने केंद्रक उत्तेजित करून, हे लांबटपण थेट मोजलं गेलं. म्हणजे हे बेट आहे हे आता नक्की आहे, पण त्याचा किनारा नेमका कुठे, आत गेल्यावर पातळ्यांची रचना कशी बदलत जाते, क्षय होताना किती न्यूट्रॉन सुटतात, हे अजून एकेक केंद्रक घेऊन तपासावं लागतं, आणि आमचा प्रयोग त्यातलाच एक.

अशी केंद्रकं बनवायचे मुख्य दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे जाड आणि तापलेलं टार्गेट घ्यायचं, बहुतेकदा युरेनियम कार्बाइडचं, २००० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचं, त्यावर प्रोटॉन मारायचे, आत जे काही तयार होईल ते गरमीमुळे झिरपत बाहेर येतं, त्याचं आयनीकरण करायचं आणि चुंबकाने वेगळं काढायचं. याची सुरुवात कोपनहेगनला १९५१ मध्ये झाली, आणि सर्नचं आयसोल्ड १९६७ पासून हेच करतंय, तिथे आता १.४ जीईव्हीचे (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट) प्रोटॉन वापरतात आणि १००० हून जास्त समस्थानिक मिळतात. बीम सुंदर येतो, पण मूलद्रव्याच्या रसायनावर सगळं अवलंबून, जे टार्गेटमधून लवकर सुटत नाही ते तिथेच संपून जातं. दुसरा रस्ता इन-फ्लाइट, जड आयन प्रकाशाच्या अर्ध्याहून जास्त वेगाने पातळ टार्गेटवर मारायचे आणि जे तुकडे होतील ते त्याच वेगात पुढे निघून जातात, रसायनाशी काही संबंध नाही, मायक्रोसेकंदाच्या आत डिटेक्टरपाशी. १९८५ मध्ये बर्कलीला तानिहाता आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने लिथियम-११ अवाढव्य असल्याचं दाखवलं, त्यातूनच पुढे हेलो न्यूक्लियसचा, म्हणजे ज्यांचे काही न्यूट्रॉन गाभ्यापासून लांब पसरलेले असतात अशा केंद्रकांचा सगळा विषय उभा राहिला. आमचा प्रयोगही इन-फ्लाइट होता.

प्रपोजल हा भाग बाहेरच्यांना कंटाळवाणा वाटेल पण प्रयोगाची अर्धी लढाई तिथेच असते. बीम टाइम आठ-आठ तासांच्या शिफ्टमध्ये मागायचा असतो आणि समितीसमोर सांगावं लागतं की इतक्या शिफ्ट का, कमी का चालणार नाहीत. त्यासाठी लीझ++ नावाच्या प्रोग्रामवर आख्खा सेपरेटर, म्हणजे हवे ते तुकडे वेगळे काढणारी चुंबकांची रांग, उभा करून बघायचा, टार्गेट किती जाड घेतलं तर उत्पन्न किती, जास्त जाड घेतलं तर तुकडे आतच हळू होतात आणि वेगात फरक पडतो, कमी घेतलं तर उत्पन्नच नाही. आमचा मूळ बीम कॅल्शियम-४८, यात २० प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन, नैसर्गिक कॅल्शियममध्ये हा जेमतेम ०.१९ टक्के असतो त्यामुळे समृद्ध केलेलं द्रव्य फार जपून वापरतात. बेरिलियमवर आदळल्यावर ९ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन उडाले तर सोडियम-३२ उरतं. प्रोटॉन जास्त आणि न्यूट्रॉन कमी उडावेत अशी टक्कर दुर्मिळच, आणि आम्हाला हव्या असलेल्या सोडियम-३४ साठी तर ९ प्रोटॉन जाऊन न्यूट्रॉन फक्त ५ च जायला हवेत, प्रत्येक जास्तीच्या न्यूट्रॉनसाठी उत्पन्न झपाट्याने घसरतं. समितीने मागितलेल्यापेक्षा कमी शिफ्ट दिल्या, मग आमच्या गाइडनी यादीतली काही केंद्रकं काढून टाकली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण नंतर जाणवलं की थोड्या गोष्टी नीट मोजणं याला पर्याय नसतो.

मग सेटअप. मधोमध दोन्ही बाजूंनी पट्ट्या असलेले सिलिकॉन डिटेक्टर, एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या, म्हणजे आयन कुठल्या चौकटीत येऊन थांबला ते कळतं. भोवती हाय प्युरिटी जर्मेनियमचे डिटेक्टर गॅमा (उत्तेजित पातळीतून खाली येताना निघणारे किरण) पकडायला, हे द्रव नायट्रोजनने थंड ठेवावे लागतात, उणे १९६ अंश, आणि भरणं चुकवता येत नाही. कल्पना अशी, की आयन सिलिकॉनमध्ये येऊन थांबतो, तिथेच बसून राहतो, काही मिलिसेकंदांनी त्याच चौकटीतून बीटा निघतो, आणि त्याच क्षणी जर्मेनियममध्ये गॅमा दिसतो, तिन्हीची सांगड घातली की कुठल्या केंद्रकाचा क्षय ते कळतं. सांगायला सोपं आहे. अडचण अशी की आयन थांबताना शेकडो एमईव्ही ऊर्जा टाकतो, आणि बीटा मात्र एक मिलिमीटर सिलिकॉनमधून जाताना जेमतेम काहीशे केईव्ही टाकून निघून जातो, म्हणजे एकाच पट्टीवर एकमेकांपासून हजारपट वेगळे दोन सिग्नल वाचायचे, म्हणून सिग्नल कमी-जास्त वाढवणारे, दोन वेगळ्या गेनचे प्रीॲम्प लावावे लागतात आणि मोठा सिग्नल येऊन गेल्यावर लहान सिग्नलवालं इलेक्ट्रॉनिक्स किती वेळात सावरतं हे आधी तपासून ठेवावं लागतं, कारण १३ मिलिसेकंदांच्या खेळात आंधळा काळ किती आहे ते नीट माहीत नसेल तर अर्धायुष्यच चुकेल.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नॉइजमध्ये. बीटा पकडायचा तर थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल नोंदवायची किमान पातळी, खाली आणायला हवा, आणि थ्रेशोल्ड खाली आणला की नॉइज आत येतो. ग्राउंडिंग बदलून बघितलं, केबल्स पंपापासून लांब नेल्या, पंप आणि चेंबरमध्ये विजेचा संबंध येऊ नये म्हणून मध्ये इन्सुलेटर टाकला, बरंच सुधारलं, पण काही पट्ट्यांचा लीकेज करंट उगाच वर चढत होता. शेवटी गटातल्या एका अनुभवी टेक्निशियनने चेंबरवरचा व्हॅक्यूम गेज बंद करायला सांगितलं आणि करंट जागच्या जागी खाली आला. गेजमध्ये तापलेली फिलामेंट असते, तिचा मंद उजेड आत सिलिकॉनवर पडत होता, आणि सिलिकॉनला उजेड म्हणजे सिग्नलच. त्या माणसाच्या नावावर पेपर नसतील फार, पण असे लोक नसतील तर कुठलाही प्रयोग चालणार नाही हे मी अगदी मनापासून सांगते.

कॅलिब्रेशनला युरोपियम-१५२ ठेवला, त्याच्या १२१.८, ३४४.३, १४०८ केईव्ही अशा ओळखीच्या रेषा मिळतात, वरच्या ऊर्जांसाठी कोबाल्ट-५६, त्याच्या रेषा ३ एमईव्हीच्या पुढेही जातात. हे काम रटाळ असतं तरी मी ते आवडीने केलं, कारण नंतर स्पेक्ट्रममध्ये एखादी रेषा ८८५ वर आहे की ८८७ वर हे ठामपणे बोलता येतं ते याच्याच जोरावर.

बीम आला तेव्हा लगेच सोडियम वगैरे काही नसतं. आधी मूळ कॅल्शियम-४८ चा झोत अगदी विरळ करून सेपरेटरमधून शेवटपर्यंत नेतात, त्याचा वेग आणि चार्ज माहीत असल्यामुळे चुंबकांची खरी किंमत ठरवता येते, मग टार्गेट आत घालून चुंबकं हळूहळू हव्या त्या तुकड्यांसाठी बदलत न्यायची, मध्ये पाचरीच्या आकाराचा ॲल्युमिनियम डिग्रेडर घालायचा ज्यामुळे एकाच वाटेने आलेले वेगवेगळ्या प्रोटॉनसंख्येचे तुकडे आपापल्या वाटेला लागतात, आणि स्लिट्स पुढेमागे करून नको असलेले कापायचे. कंट्रोल रूममधली माणसं हे सगळं शांतपणे करत होती, एक आकडा बदलायचा, थांबायचं, बघायचं, परत बदलायचा.

आता ओळख. प्रत्येक आयनाच्या तीन गोष्टी मोजल्या जातात, चुंबकात तो किती वळला, दोन पातळ प्लास्टिक सिंटिलेटरमधलं अंतर किती वेळात कापलं, आणि डिटेक्टरमधून जाताना किती ऊर्जा सोडली. वळणं आणि वेग मिळून वस्तुमान भागिले चार्ज कळतं, सोडलेली ऊर्जा प्रोटॉनसंख्येच्या वर्गावर अवलंबून असते म्हणून त्यातून मूलद्रव्य कळतं. वेळ किती कमी असतो बघा, प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने ८० मीटर जायला साधारण ४४५ नॅनोसेकंद लागतात, आणि त्यात एक नॅनोसेकंदाहून बराच बारीक फरक वाचावा लागतो. नुसतं वस्तुमान भागिले चार्ज पुरत नाही, सोडियम-३२ चं गुणोत्तर ३२/११ म्हणजे २.९०९, निऑन-२९ चं २.९, मॅग्नेशियम-३५ चं २.९१७, सगळे खेटून बसलेले, म्हणून दुसऱ्या अक्षावर प्रोटॉनसंख्या हवीच. दोन्ही मिळून जे चित्र स्क्रीनवर उमटतं तो पीआयडी (पार्टिकल आयडेंटिफिकेशन, म्हणजे कणांची ओळख) प्लॉट, त्यात प्रत्येक समस्थानिकाचा एक पुंजका, ओळीने, आणि उजवीकडे जावं तसे पुंजके विरळ होत जातात, एका ठिकाणी पुंजका उरतच नाही, सुटे ठिपके मोजावे लागतात.

पण हा नकाशा एक घर सरकलेला नाही हे कशावरून. सगळे पुंजके एकमेकांसारखेच दिसतात, त्यांच्यावर नाव लिहिलेलं नसतं, ३१ ला ३२ समजून आख्खा प्रयोग होऊ शकतो. याला उपाय म्हणजे आयसोमर. काही केंद्रकांची उत्तेजित अवस्था थोडी जास्त टिकते, सेपरेटर पार करून थांबल्यावर तिथेच ओळखीचा गॅमा सोडते, बीटाची वाटही बघावी लागत नाही. आम्ही आधी ॲल्युमिनियम-३२ च्या सेटिंगवर बीम घेतला, त्याचा आयसोमर मायक्रोसेकंदाहून कमी टिकतो पण आमच्यापर्यंत पोचायला तेवढं पुरतं. ज्या पुंजक्याला आम्ही ॲल्युमिनियम-३२ म्हणत होतो फक्त त्यावर गेट लावलं, म्हणजे तेवढ्याच नोंदी निवडल्या, तेव्हा अपेक्षित गॅमा दिसले, शेजारच्या पुंजक्यांवर लावलं तेव्हा गायब. एवढं झाल्यावरच गाइड म्हणाले की आता सोडियमकडे जाऊ.

सोडियम-३२ चा रेट बरा होता, सोडियम-३४ मात्र तासाला हाताच्या बोटांवर मोजता येतील असे यायचे. माझ्या वाट्याला रात्रपाळी जास्त होत्या. रात्रपाळीत काम म्हणजे रेट बघत राहणं, नायट्रोजनची पातळी बघणं, प्रत्येक फाइल सुरू झाली बंद झाली की लॉगबुकमध्ये लिहिणं, मध्येच मूळ बीम पडला तर कंट्रोल रूमला फोन. बीम एकदा बराच वेळ बंद होता, आयन सोर्सचं काम निघालं होतं, तेव्हा शिफ्ट वाया जातेय म्हणून सगळे अस्वस्थ, पण मी तो वेळ बीमशिवायचं बॅकग्राउंड नोंदवण्यात घातला आणि तो डेटा पुढे फार उपयोगी पडला, त्याबद्दल खाली येतंच.

ऑनलाइन स्पेक्ट्रममध्ये ८८५ दिसला तो रात्रीच. सोडियम-३२ वर गेट, आयन आल्यापासून साधारण पाच अर्धायुष्यांची खिडकी, त्याच किंवा लगतच्या चौकटीतला बीटा, आणि त्यासोबतचा गॅमा, एवढ्या अटी लावून उरलेल्या स्पेक्ट्रममध्ये पहिल्यांदा नुसते विखुरलेले काउंट्स होते, मग ८८५ पाशी दोन-चार एकत्र, मग हळूहळू पीक वर उचलला गेला. सर्नला १९७० च्या दशकात ज्यांनी हे पहिल्यांदा बघितलं त्यांनी केंद्रक अगदी वेगळ्या पद्धतीने बनवलं होतं, आमचं टार्गेट वेगळं, बीम वेगळा, डिटेक्टर वेगळे, आणि आकडा तोच. मला त्या वेळी जे वाटलं त्याला आनंद हा शब्द कमी पडतो. भौतिकशास्त्र कुणाच्या सांगण्यावर चालत नाही, परत मोजलं की परत तेच येतं, हे वाचलेलं होतं पण असं समोर वर चढताना बघितलं नव्हतं.

त्याच्या पुढचा पुरावा मला आणखी आवडतो. ८८५ च्या पीकमधले प्रत्येक काउंट आयन आल्यानंतर किती वेळाने आले त्याचा आलेख काढायचा. तो जर १३ मिलिसेकंदांच्या वेगाने उतरला तर तो गॅमा सोडियम-३२ च्याच क्षयाचा, दुसरं कोणी तिथे घुसलेलं नाही. ऊर्जा एक साक्षीदार आणि वेळ दुसरा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोघं एकच सांगतात. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे रेषा कितीही आकर्षक दिसली तरी सोडून द्यायची.

आणि फसवणाऱ्या रेषा पुष्कळ असतात. ५११, म्हणजे पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना संपवताना निघणारा गॅमा, तर सगळीकडे असतोच. ५९६ आणि ६९१ केईव्हीपाशी करवतीच्या दातासारखे, एका बाजूला तीव्र आणि वरच्या ऊर्जेकडे पसरत गेलेले उंचवटे दिसतात, ते क्षयातून सुटलेले न्यूट्रॉन जर्मेनियमच्याच केंद्रकांना आपटल्यामुळे येतात, ऊर्जा तीच पण त्यात जर्मेनियमला बसलेल्या धक्क्याची ऊर्जा मिसळते म्हणून असा आकार. जो पहिल्यांदा बघतो त्याला नवीन पातळी सापडली असं वाटू शकतं. पण खरी कसोटी सोडियम-३४ मध्ये लागली. त्याच्या क्षयातून मॅग्नेशियम-३४ तयार होतं, त्याच्या पहिल्या पातळीचा गॅमा ६६० च्या आसपास आणि त्यावरच्या पातळीतून खाली येणारा १४६० च्या आसपास, हे २००१ मध्ये रिकेनवरच्या प्रयोगात दिसलं होतं. आता १४६१ केईव्ही हा पोटॅशियम-४० चा गॅमा आहे, जो भिंतीतून, काँक्रीटमधून, सगळीकडून चोवीस तास येत असतो. म्हणजे जो हवा तो नेमका जगातल्या सगळ्यात सामान्य बॅकग्राउंडच्या डोक्यावर बसलेला.

यातून वाट काढायला वर सांगितलेलं बीमशिवायचं बॅकग्राउंड कामी आलं. पोटॅशियमला आमच्या आयनांशी काही देणंघेणं नाही, तो वेळेनुसार बदलत नाही, म्हणून आयन आल्यानंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांतले काउंट्स आणि बऱ्याच नंतरच्या तेवढ्याच लांबीच्या खिडकीतले काउंट्स यांची तुलना केली, बीटासोबतच आलाय का हे नॅनोसेकंदांत तपासलं, आणि शेवटी ६६० सोबत एकाच वेळी आलेले गॅमा तेवढेच बघितले. एवढं गाळल्यावर हातात जे उरलं ते फारच थोडं होतं, पण ते पोटॅशियमचं नव्हतं. पीक म्हणावं की नाही यावर गटात बरीच चर्चा झाली आणि आम्ही पेपरमध्ये ६६० ठामपणे लिहायचं आणि १४६० बद्दल जुन्या मोजमापाशी सुसंगत एवढंच म्हणायचं असं ठरलं. मला हे योग्य वाटलं, अजूनही वाटतं.

बीम टाइम संपतो आणि खरं काम सुरू होतं, ते कितीतरी महिने चालतं. अर्धायुष्य काढायचं म्हणजे नुसती एक घसरती रेषा नसते. सोडियम-३२ गेलं की मॅग्नेशियम-३२ येतं, त्याचं अर्धायुष्य ८० मिलिसेकंदांच्या आसपास, मग ॲल्युमिनियम-३२, ३३ मिलिसेकंद, मग सिलिकॉन-३२ जे दीडशे वर्षांच्या आसपास टिकतं त्यामुळे आमच्यासाठी साखळी तिथे थांबली. शिवाय काही वेळा बीटानंतर एक न्यूट्रॉन सुटतो आणि साखळी ३१ च्या रांगेत सरकते. हे सगळे बीटा त्याच चौकटीतून निघतात आणि एकमेकांसारखेच दिसतात. म्हणून अशा क्षयसाखळीसाठीची बेटमनची समीकरणं, १९१० पासूनची, आजही तीच, त्यात आई, मुलगी, नात, न्यूट्रॉनवाली शाखा, योगायोगाने जुळलेले बीटा, सगळं एकत्र घालून फिट करायचं. सोडियम-३४ मध्ये काउंट्स इतके कमी की नेहमीची काय-स्क्वेअर पद्धत चालत नाही, रिकाम्या खणांना ती नीट न्याय देत नाही, तिथे पॉइसॉनवर, म्हणजे मोजक्या घटनांच्या संख्याशास्त्रावर आधारलेलं लाइकलिहूड वापरावं लागतं.

मग एकेक गोष्ट हलवून बघायची. वेळेची खिडकी लहान-मोठी केली तर उत्तर बदलतं का, लगतच्या चौकटी धरल्या किंवा सोडल्या तर, पीआयडीवरचं गेट आवळलं तर, प्रयोगाचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा वेगळा फिट केला तर. गटातल्या दुसऱ्या एकाने माझा कोड न बघता स्वतःच्या कोडने तेच विश्लेषण केलं, आणि आकडे त्रुटीच्या मर्यादेत जुळेपर्यंत आम्ही एकमेकांना मधले निकाल दाखवले नाहीत. सोडियम-३२ चं आमचं अर्धायुष्य आधी छापलेल्याशी जुळलं, त्यामुळेच सोडियम-३४ च्या जेमतेम साडेपाच मिलिसेकंदांवर बोलायचा आम्हाला हक्क मिळाला. नवीन आकडा कुणाला ऐकवायचा असेल तर आधी जुना आकडा आपल्या यंत्रातून नीट बाहेर आलेला दाखवावा लागतो.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या हातून मोजली गेली नाही, आणि तीच आता सगळ्यात महत्त्वाची वाटतेय. सोडियम-३४ इतकं न्यूट्रॉनने भरलेलं आहे की त्याचा क्षय झाल्यावर मॅग्नेशियम-३४ तसंच राहण्यापेक्षा एक किंवा दोन न्यूट्रॉन सुटण्याची शक्यता जास्त असते, एक सुटला तर मॅग्नेशियम-३३, दोन सुटले तर आपलं मॅग्नेशियम-३२. म्हणजे क्षयाची बरीचशी ताकद न्यूट्रॉन सोडणाऱ्या वरच्या पातळ्यांमधून जाते, आणि नुसता गॅमा बघणाऱ्याला तो भाग दिसतच नाही. त्या न्यूट्रॉनची ऊर्जा मोजली तर त्या पातळ्या कुठे आहेत ते कळेल. हा प्रश्न फक्त सोडियमपुरता नाही, २०२३ मध्ये रिकेनवरून ऑक्सिजन-२८ चा निकाल आला, ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक, जुन्या पुस्तकाप्रमाणे भक्कम असायला हवा होता, आणि तो बांधलेलाच नाही, चार न्यूट्रॉन टाकून लगेच ऑक्सिजन-२४ होतो, आणि २० वरचं कवच तिथेही बंद असल्याचं दिसत नाही. म्हणजे बेट आम्ही मोजत होतो त्याच्या खाली, कमी प्रोटॉनच्या बाजूलाही पसरलंय.

म्हणून पुढच्या प्रपोजलमध्ये जर्मेनियमची संख्या थोडी कमी करून भोवती प्लास्टिक सिंटिलेटरच्या पट्ट्यांची भिंत मागितलीय, बीटाच्या क्षणापासून न्यूट्रॉन पोचेपर्यंतचा वेळ मोजून त्याची ऊर्जा काढायला. दोन न्यूट्रॉन एकत्र सुटले तर ते दोन वेगळे आहेत की एकच न्यूट्रॉन एका पट्टीत आपटून दुसरीत गेलाय हे ओळखणं अवघड आहे, सध्या मी सिम्युलेशनमध्ये तेच बघतेय, पट्ट्यांमधलं अंतर किती ठेवलं तर हा घोटाळा कमी होतो आणि तरी पुरेसे न्यूट्रॉन हाती लागतात.